सत्तेचाळीस, चहा टाका

‘हौशी नव्वद’ या साइटवर पाऊल ठेवलं की पहिल्यांदा काय होतं, तर आपलं स्वागत होतं. इतक्या प्रेमानं बाईमाणसाचं स्वागत सासरी, माहेरी, लग्नकार्यात, कुठंच झालेलं नसतं. नाव विचारतात, नावापुढे ताई लावतात, बसायच्या आधीच तीन तिकिटं फुकट देतात. मग तंबोल्याची खोली उघडते. तिथं एक ते नव्वद आकडे पुकारले जातात आणि आपण आपल्या तिकिटावरचे पंधरा आकडे खोडत बसायचं. तंबोल्याचा कंटाळा आला तर शेजारच्या खोलीत तीन चक्रं फिरत असतात, त्यांवर नथी, केळफुलं आणि पैठणीचे मोर. दोन नथी बरोब्बर येतात आणि तिसरी अर्ध्यावर थांबते. नेहमी अर्ध्यावर.

पैसे लावून खेळायला बंदी आली त्या वर्षी सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो. साइटवाल्यांनी काय केलं, तर पैसा काढला आणि त्याच्या जागी वेळ ठेवला. जिंकलं की मोहरा मिळायच्या, मोहरांची पुढची तिकिटं यायची, मध्ये मध्ये जाहिराती लागायच्या. माणूस जितका बसेल तितक्या जाहिराती, आणि जितक्या जाहिराती तितका धंदा. हरलं तर आपलं काही म्हणजे काही जात नाही. फक्त दुपार जाते.

भुसावळात तशाही दुपारी कुणाला नको होत्या. पारा अठ्ठेचाळीसला टेकायला लागल्यापासून गावात बाराला एक भोंगा व्हायचा आणि चारला एक. मधले चार तास रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. माणसं घरात, पडदे ओढून, फोन हातात घेऊन. त्या चार तासांत साइटवर सगळ्यात जास्त गर्दी असायची, आणि त्या गर्दीला आकडे पुकारून दाखवणारा आवाज होता हेमलता नेहेतेचा.

हेमलताला हे काम मिळालं ते तिच्या जुन्या हौसेमुळं. तिचा नवरा मधुकर मालगाडीवर गार्ड होता. रेल्वे कॉलनीच्या इन्स्टिट्यूटमध्ये दर शनिवारी तंबोला व्हायचा आणि एकोणीस वर्षं तिथं आकडे तिनं पुकारले. पेटीतून लाकडी गोटी काढायची, डोळ्यांपासून हातभर लांब धरायची, आणि असं काही म्हणायची की आकडा लागला नाही तरी माणूस हसायचा. मधुकर गेला त्याच्या पुढच्या वर्षी जळगावच्या एका स्टुडिओतून निरोप आला की कुणाला तरी खानदेशी गोडव्याचा, मोठ्या बाईचा, गप्पिष्ट आवाज हवा आहे. घरात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून ती गेली. सहा दिवस ती काचेच्या खोलीत बसून बोलली. तेवढ्यावरून यंत्र तिचा आवाज शिकलं आणि मग न थकता, न खोकता, एकाच वेळी दोन लाख घरांत पुकारायला लागलं.

त्या दोन लाखांतलं एक घर तिच्याच गल्लीत होतं. दोनशे पावलांवर.

प्रभाताई भारंबे ही तिची नणंद, मधुकरची थोरली बहीण. वयानं सात वर्षांनी मोठी, अंगानं सडसडीत, बोलण्यात फटकळ. दोघींनी रिटायरमेंटच्या पैशांतून एकाच लेआउटमध्ये प्लॉट घेतले होते आणि नवरे गेल्यावर एकमेकींना धरून राहिल्या होत्या. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे ही दोन बायकांचीच कामं असतात. एक पसरते, दुसरी उचलते. या उन्हाळ्यात बिबड्यांचं पीठ हेमलताच्या घरी दोनदा आंबून टाकून द्यावं लागलं, कारण प्रभाताईंना यायला सवडच झाली नाही.

सुरुवातीला हेमलताला गंमत वाटली होती. वन्संना आपला आवाज आवडतो म्हणून ती चारचौघींत मिरवायचीसुद्धा. पण चैत्रातल्या एका दिवशी चारचा भोंगा झाल्यावर ती तिकडे गेली, तेव्हा प्रभाताई पलंगावर उकिडव्या बसल्या होत्या आणि फोन नाकापुढे धरलेला होता. हेमलतानं विचारलं, जेवलात का. त्यांनी हात वर करून थांब म्हटलं. ती थांबली. मग तिनं पिठाचं विचारलं.

“गप बस ना व माय जरा,” प्रभाताई म्हणाल्या. “ऐकू दे तिला.”

“तिला म्हणजे मलाच ना?”

प्रभाताईंनी पहिल्यांदा मान वर केली. वहिनीकडं नीट पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि हिशेब केल्यासारखं म्हणाल्या, “तू वेगळी.”

हेमलता घरी आली ती हसत हसतच, पण रस्त्यात कुठंतरी हसू गळून पडलं. सवत यावी तर कशी, तर आपल्याच गळ्यातून. नवऱ्यासाठी नाही, नणंदेसाठी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दूधवालीनं प्रभाताईंना स्वयंपाकघराच्या दारात खाली बसलेलं पाहिलं. साखर उतरली होती. इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि जेवायचं राहूनच गेलं होतं. ताट वाढलेलं, वर झाकण, आणि पलंगावर फोन आपला बोलतोय. डॉक्टर म्हणाले, या वेळी दूधवाली वेळेवर आली म्हणून निभावलं. प्रभाताई म्हणाल्या, एक दिवस विसरलं, त्यात काय एवढं. लेकीला बंगळूरला कळवू नको, असंही वर बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं हेमलता जळगावला गेली.

स्टुडिओ रुखसाना तडवीचा होता. चाळिशीची, हातात सतत हेडफोनची वायर गुंडाळणारी, रेडिओच्या जाहिराती करून वर आलेली. हेमलतानं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं की माझा आवाज बंद करता येईल का. रुखसाना म्हणाली, करार पाच वर्षांचा आहे, आवाज आता त्यांचा. हेमलतानं विचारलं, बरं, पण कायद्यानं दर अर्ध्या तासानं ‘आता उठा’ असं सांगावं लागतं ना? ते तर मीच बोलले होते. जीव तोडून बोलले होते. मग बाई उठत का नाही?

रुखसानानं वायर गुंडाळायची थांबवली.

तिनं समजावलं ते असं. आपलं काळीज एकदा उडालं की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते आणि गालाचा रंग केसभर बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोनचा समोरचा कॅमेरा ते मोजतो. म्हणजे खेळणारीची नाडी साइटच्या हातात असते, वैद्यानं मनगट धरावं तशी. लाखो चेहरे पाहून पाहून यंत्र एक गोष्ट शिकलं आहे. माणसाला कंटाळा आला की नाडी सपाट होते, आणि ती सपाट होते माणूस फोन खाली ठेवायच्या तीनएक सेकंद आधी. आपल्याला उठायचंय हे आपल्याला कळायच्या आधी यंत्राला कळतं. तेवढ्या फटीत ते काहीतरी सरकवतं. अर्ध्यावर थांबलेली नथ. नाहीतर तुमच्या आवाजात, ‘ताई, एकच राहिलाय.’

“आणि ‘उठा’ म्हणायचं?”

“ते म्हणावंच लागतं. पण कुठलं म्हणायचं ते यंत्र निवडतं. तुम्ही चाळीस तऱ्हांनी ‘आता उठा’ म्हणाला होतात, ताई. रागानं, मायेनं, दटावून. ज्याच्यानं माणसं उठली, ते त्यानं बाजूला टाकलं. एकोणचाळीस टाकले. एक ठेवला.”

तिनं तो एक लावून दाखवला. तो सहाव्या दिवशीचा होता. तेव्हा काचेपलीकडून कुणीतरी काहीतरी बोललं होतं आणि हेमलताला हसू फुटलं होतं. त्या हसण्यात गुंडाळलेलं ‘उठा आता’ ऐकून कुणीही बाई मांडी आणखी पक्की करून बसली असती.

हेमलतानं विचारलं की काळीज उडालं हे यंत्राला दिसतं, पण कशानं उडालं, ते दिसतं का? रुखसाना म्हणाली, नाही. जिंकायच्या हावेनं उडो की लेक अचानक दारात आली म्हणून उडो, कॅमेऱ्याला गाल तेवढाच लाल दिसतो. ज्यानं नाडी उडेल ते यंत्र उचलतं आणि पुन्हा पुन्हा वाजवतं.

दर तीन महिन्यांनी आवाज ताजा करायला नवे आकडे रेकॉर्ड करायचे असत. ती तारीख पुढच्याच आठवड्यात होती. हेमलता म्हणाली, आज आलेच आहे तर आजच करू.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. इन्स्टिट्यूटच्या मागं रेल्वेचे नव्वद क्वार्टर होते, एक ते नव्वद, आणि तंबोल्यात आकडेही एक ते नव्वद. त्यामुळं इतर ठिकाणी बाविसाला ‘दोन बदकं’ आणि अकराला ‘दोन काठ्या’ म्हणतात तसं कॉलनीतल्या पुकाऱ्यात कुणी म्हटलंच नाही, ज्याचा क्वार्टर त्याचं नाव. ‘सोळा, डिसूझांचा केक.’ ‘एकतीस, कूलर बंद करा.’ इन्स्टिट्यूटच्या भिंतीला लागून असलेला सत्तेचाळीस नंबर प्रभाताईंचा. शनिवारचा चहा त्यांच्या घरून यायचा, म्हणून सत्तेचाळीस निघाला की हेमलता पुकारायची, ‘सत्तेचाळीस, प्रभाताई, चहा टाका.’ आणि प्रभाताई, तिकिटावर एकच आकडा राहिलेला असला तरी, पदर खोचून उठायच्या. त्यांचं फुल हाउस त्यामुळं वर्षानुवर्षं हुकलं. लोक चिडवायचे. त्या म्हणायच्या, आकडा निघाला म्हणजे निघाला.

त्या दिवशी हेमलतानं नव्वद आकडे नेहमीसारखे म्हटले. फक्त सत्तेचाळीसला ती खुर्चीतून उठून उभी राहिली, हात लांब धरला, आणि म्हणाली, “सत्तेचाळीस. प्रभाताई, चहा टाका. मी येऊ राहिले.”

रुखसानानं काचेतून तिच्याकडं पाहिलं. रेकॉर्डिंग तसंच पुढं पाठवलं. कंपनीच्या तपासणीतून ते दुसऱ्या दिवशी पास होऊन आलं, वर शेरा होता, स्थानिक रंग उत्तम.

पण यंत्र ते कधी वाजवणार, ते कुणाला माहीत? प्रभाताईंची नाडी सपाट होईल तेव्हा. म्हणजे दुपारी, दोन भोंग्यांच्या मध्ये. मग हेमलतानं एक टॉवेल ओला केला, डोक्यावर घेतला, आणि साडेबाराला दोनशे पावलं चालत प्रभाताईंच्या मागच्या दाराशी गेली. तिथं कडुनिंबाची सावली होती. सावलीसुद्धा तापलेलीच, पण सावली. पायरीवर बसून ती आतलं ऐकायला लागली.

स्वतःचा आवाज असा चोरून ऐकणं ही काही साधी गोष्ट नाही. आत ती हसत होती, लाडात येत होती, वन्संची समजूत घालत होती. बाहेर तिचा घसा कोरडा पडला होता. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस चार वेळा आला आणि चारही वेळा नुसताच आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सव्वाला टॉवेल वाळून पापडासारखा झाला होता आणि ती उठणारच होती, तेवढ्यात आतून तिचाच आवाज आला.

“सत्तेचाळीस. प्रभाताई, चहा टाका. मी येऊ राहिले.”

मग काही नाही. पुढचा आकडा झाला, त्याच्या पुढचा झाला. पलंग करकरला. चपलेचा आवाज. आणि मग गॅसच्या लायटरची टकटक, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पेटला.

हेमलतानं दार वाजवलं.

प्रभाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या एका हातात सांडशी होती. ओट्यावर दोन कप काढलेले होते. त्या कपांकडं त्यांनी असं पाहिलं की जणू ते दुसऱ्याच कुणी काढले.

हेमलतानं आधी त्यांना पोळी-भाजी खायला लावली, मग सगळं सांगितलं. कॅमेरा, नाडी, चाळीसातले एकोणचाळीस, पायरी, टॉवेल. तिला वाटलं होतं, वन्सं चिडतील. त्या चिडल्या नाहीत. कपातल्या चहाकडं बघत राहिल्या.

“मला काय जिंकायचं होतं म्हणून बसत होते का मी?” त्या म्हणाल्या. “मधू गेला, आणि तू बोलायची बंद झालीस. येतेस, जेवलात का विचारतेस, गोळ्या मोजतेस, जातेस. नर्ससारखी. त्या फोनमध्ये तू होतीस, हेमा. शनिवारची.”

खरं होतं ते. तो आवाज फक्त काचेच्या खोलीत निघायचा आणि परत येताना हेमलता तो तिथंच ठेवून यायची. घरी आणायचा असतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिनं प्रयत्न केला. त्या दुपारी तिनं दूधवालीच्या सुनेची एक गोष्ट सांगितली. नीट जमली नाही, मध्येच विसरली, शेवट आधी सांगून बसली. प्रभाताईंनी मात्र पूर्ण ऐकून घेतली आणि दोन खोचक प्रश्न विचारले. निघताना त्यांनी वहिनीचा हात धरला आणि न लाजता सांगितलं, की फोन ठेव म्हणशील तर ठेववत नाही माझ्यानं. मी रोज ठरवते. आपण होऊन उठवतच नाही. “ती म्हणाली की उठता येतं. तू उद्या ये, पण ती म्हणेपर्यंत दार वाजवू नको. मला उठून बघू दे.”

मग तसंच सुरू झालं. दुपारी हेमलता पायरीवर, प्रभाताई पलंगावर, आणि मधल्या भिंतीतून तिसरी हेमलता आकडे पुकारतेय. प्रभाताईंची नाडी त्या वाक्याला फारच उडत असणार, कारण यंत्र ते वाक्य त्यांना रोज ऐकवायला लागलं, आधी एकला, मग पावणेएकला. साइटच्या गप्पांच्या खोलीत चाळीसगावची कुणी लिहून गेली की माझं नाव प्रभा नाही तरी मी चहा टाकला आणि शेजारणीला हाक मारली. खाली दीडशे जणींनी चहाच्या कपाची चित्रं टाकली. हेमलताला गोष्टी जरा बऱ्या सांगता यायला लागल्या. एकदा तर तिनं डिसूझांच्या केकमध्ये मुंग्या निघाल्या होत्या ती गोष्ट सांगितली आणि प्रभाताईंना ठसका लागला.

अकराव्या दिवशी सकाळी रुखसानाचा फोन आला.

ती म्हणाली, ताई, सांगायला बरं वाटत नाही. नाडी उडते आणि माणूसही उठतो, हे दोन्ही एकदम यंत्राच्या हिशेबात बसेना. दहा दिवस त्यानं वाट पाहिली. काल त्यानं तुमचं सत्तेचाळीस काढून टाकलं. आजपासून साधंच वाजेल. पुन्हा वेगळं काही रेकॉर्ड केलं तरी तेही आठ-दहा दिवसांत ओळखेल, ते आता या वाटेवर लक्ष ठेवून आहे. हेमलतानं तिचे आभार मानले. प्रभाताईंना आधी सांगावं का, यावर तिनं दोन वेळा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. सांगितलं असतं तर त्या उठल्या असत्या, पण नुसतं वहिनीला वाईट वाटू नये म्हणून, आणि तेही एकच दिवस.

साडेबाराला ती पायरीवर जाऊन बसली.

पावणेएक झाला. एक झाला. आतून सत्तेचाळीस आला तो नुसता सत्तेचाळीस, कोरडा, कुणाचंही घर नसल्यासारखा. पाठोपाठ एकोणसत्तर, बारा, अठ्ठ्याऐंशी. पलंग हलला नाही. सव्वा झाला. आतली हेमलता म्हणाली, ताई, एकच राहिलाय, आणि अगदी खरं वाटेल असं म्हणाली. पायरीवरच्या हेमलतानं इन्सुलिनची वेळ मनात मोजली, जेवण झालं असेल का याचा अंदाज केला. दार वाजवायला हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. शब्द दिला होता. फार तर दीडपर्यंत थांबू, मग शब्द मोडू, असं तिनं ठरवलं. नणंद महत्त्वाची की शब्द, हा काही अवघड प्रश्न नव्हता.

मग आत जाहिरातींचा एवढा गलबला सुरू झाला की बाकी काहीच ऐकू येईना. एक पंचवीस झाले असतील. मागचं दार उघडलं.

प्रभाताईंच्या पदराला चहाचा डाग होता आणि चेहरा धुतलेला, भांग नीट पाडलेला. आत फोन चालूच होता. उंबऱ्याच्या अलीकडं उभ्या राहून त्यांनी उन्हाकडं पाहिलं, मग पायरीकडं.

“आज ती काही म्हणाली नाही,” हेमलता म्हणाली.

“नाही म्हणाली. मी वाट पाहिली, पाहिली,” प्रभाताई म्हणाल्या. “मग माझी मीच चहा टाकला.”